खाराच्या पाण्याची बाटली

माझा सगळा जन्म दुसऱ्यांच्या बायकांचे हात हातात धरण्यात गेला. तेही चोरून नव्हे, त्यांच्या नवऱ्यांसमोर, सासवांसमोर, भर बाजारात. कोणी कधी हरकत घेतली नाही, उलट चहा पाजला. आता 'कामाच्या आठवणी लिहा' असा संपादकांचा निरोप आला तेव्हा आमची रखमा पापड लाटता लाटता म्हणाली, "लिहा, लिहा. पण बायकोच्या हातात शेवटच्या बांगड्या कधी भरल्या तेही लिहा म्हणा." ते मला आठवत नाही. तिच्या हातात आजही सहा रंगांच्या बांगड्या असतात. जोडी फुटून पेटीत सुट्या उरल्या, की तिच्या वाट्याला येतात.

मी लोणारचा कासार. शाळा सातवीपर्यंत, पुढे बापाची पेटी. महाराष्ट्राचं राज्य नवं नवं झालं होतं तेव्हा मी ऐन उमेदीत होतो. एस.टी.च्या टपावर काचेची पेटी चढवायची आणि डोणगावचा बाजार, दुसरबीडचा बाजार, अधेमधे लग्नाची बोलावणी करत फिरायचं. कंडक्टर विचारायचा, "मामा, फुटलं त कोन भरीन?" मी म्हणायचो, "भरायचं काम माझंच आहे."

लोकांना वाटतं कासार बांगड्या विकतो. विकतो वाणी, कासार भरतो. बाईचा पंजा हातात घ्यायचा, अंगठ्याच्या मुळाचं हाड हलकेच आत दाबायचं, हात कणकेसारखा मळून सैल करायचा आणि तिला कळायच्या आत बांगडी मनगटात. यात निम्मं काम बोटांचं आणि निम्मं तोंडाचं. मी विचारायचो, "माहेर कोणतं, बाई?" माहेराचं नाव निघालं की कसलाही आखडलेला हात मऊ पडतो. म्हणून अर्ध्या जिल्ह्याची माहेरं मला पाठ आहेत, आणि अर्धा जिल्हा मला मामा म्हणतो. माहेरचा माणूस म्हणून मामा.

दुसऱ्या कासारांकडे नसलेली एक गोष्ट माझ्याकडे होती, ती म्हणजे खाराच्या पाण्याची बाटली. आमच्या सरोवराच्या काठचा खार पाण्यात विरघळवला की पाणी बुळबुळीत होतं. ते हाताला चोळलं की सव्वादोनची बांगडी अडीचच्या हातात हसत हसत जाते. तेल लावलं तर काच चिकट होते आणि लुगडं खराब होतं. खाराच्या पाण्याची खोड एवढीच, की हाताला कुठे ओरखडा असला तर मिरची लागल्यासारखी आग होते. म्हणून पेटीत तेलाची एक छोटी शिशीही असायची.

बांगडी कशी फुटली हेही आम्हाला वाचता येतं. बापाने शिकवलं होतं. जात्यावर, विहिरीवर उजव्या हातातली फुटते आणि ओरखडा मनगटाच्या वरच्या बाजूला उठतो. कडेवरच्या लेकराने ओढली तर एखादी फुटते. पण दोन्ही हातांतल्या एकदम फुटल्या आणि काच मनगटाच्या आतल्या बाजूला, नाडीजवळ रुतली, तर ते हात दुसऱ्या कोणीतरी आवळून धरलेले असतात. एवढं शिकूनही मी आंधळा राहिलो, ती ही गोष्ट.

डोणगावात गणपतचं घर माझं नेहमीचं गिऱ्हाईक होतं. घरात दोघंच, तो आणि त्याची बायको कौशल्या. गणपत अडतीवर मापाडी होता. आवाज असा की तो मापं मोजायला लागला की बाजारातले बैल कान टवकारत. घरीही तसाच. "कौशे! माही टोपी कुठी हाये वं?" ही आरोळी शिवेवर ऐकू जायची. नवीन लग्न झालं तेव्हा शेजारणी पदराने डोळे पुसत म्हणायच्या, पोरीचं काही खरं नाही. मीही तसंच धरून चाललो होतो. कौशल्या हाताने बारीक, अंगाने बारीक. पहिल्या खेपेला तिचे हात मी फुलासारखे धरले. दीड वर्षाने गेलो तर त्याच बांगड्या जशाच्या तशा.

"बदलायच्या नाहीत का, बाई?"

"कायले? फुटल्या त नाईत," ती म्हणाली. तेवढ्यात आतून डरकाळी आली, "कौशे, चाय!" ती बसल्या जागेवरून तेवढ्याच जोरात ओरडली, "हात गुतले हायेत माहे! तुमीच ठेवा!" आणि गणपत निमूटपणे चूल फुंकायला लागला. चहा मात्र त्याने भयंकर केला होता.

याच गणपतची धाकटी बहीण सुमित्रा. ती दुसरबीडकडच्या एका गावात दिली होती. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून भेटतात. नवरा मधुकरराव, भाजीपाल्याचा मळा, घरी आई, लग्नाची बहीण विमल आणि तीन वर्षांची पोर. माणूस असा गोड की काय सांगू. मोठ्यांच्या पाया पडणार, लहानांनाही 'आपण' म्हणणार, बाजारात वांगी मापताना दोन जास्तच टाकणार. बाजाराच्या दिवशी तो स्वतः मला शोधत यायचा. "मामा, घरी चाला नं. हिच्या बांगड्या वाढवल्या." फुटल्या असा शब्द त्याच्या तोंडी कधी आला नाही. घरी नेऊन मला पाटावर बसवायचा, शेजारी बसून स्वतः रंग निवडायचा. "आंब्याचा रंग घ्या मामा, तिले खुलून दिसते." एकदा तर बायकोच्या हाताकडे पाहता पाहता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी विरघळलो.

सुमित्रा खाली मान घालून बसायची आणि एवढंच म्हणायची, "मामा, तेलच लावा." मला वाटायचं, पोर नाजूक आहे.

हातातल्या बांगड्यांसाठी इतका हळवा होणारा नवरा मी पाहिला नव्हता. मी त्याची कीर्ती घरोघर केली. ज्या घरी बांगड्या भरायला बसेन तिथल्या पुरुषाला ऐकवायचो, "शिका काहीतरी मधुकररावांकडून." डोणगावला गणपतलाही सांगितलं, "तुझ्या बहिणीनं नशीब काढलं. जवाई देवमाणूस आहे." गणपतची छाती फुगली. "मंग! निवडला कोन?" तो म्हणाला, आणि बाजारातले बैल दचकले.

एका दुपारी जेवताना मी रखमेला हेच कौतुक सांगत होतो. दहा महिन्यांत सातव्यांदा बोलावलं, असा नवरा असावा. ती भाकरी थापता थापता थांबली.

"सात खेपा?"

"सात."

"आयकलं का, दहा महिन्यात सात खेपा बांगड्या फुटतात, थे बाई घरी काय विहीर खंदून राह्यली?"

घास माझ्या हातातच राहिला. विहीर खणणाऱ्या बायकांच्या बांगड्याही मी भरल्या होत्या, त्यांच्याही वर्षातून दोनदा फुटतात. इतकी वर्षं मनगटं वाचणारा मी, आणि मला ते दिसलं नाही. घरात बसून पापड लाटणाऱ्या बाईला दिसलं. त्या दिवशी मी अर्धपोटी उठलो.

पुढच्या बाजारी मधुकरराव आले. मी गेलो, पाटावर बसलो, सुमित्राचा हात घेतला आणि पहिल्यांदाच तो उताणा केला. नाडीजवळ चार बारीक जखमा, ताज्या. दुसऱ्या हाताला तीन. जुन्यांचे पांढरे वण त्याखाली. मधुकरराव शेजारी बसून विचारत होते, "या खेपेला मोरपंखी कसे वाटतील, मामा?"

मी बांगड्या भरल्या. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण भरल्या. मधुकरराव पाण्याचा तांब्या आणायला आत गेले तेव्हा ती ओठ न हलवता बोलली.

"मामा, भाऊले काई सांगू नका."

"का गं?"

"सासू बाहेरचं हाये म्हनून अंगारे लावते, आन भाऊले खरं नाई वाटत. मागं पोरीले घेऊन गेलती मी डोणगावले. त्यानं परत आणून सोडलं. म्हने, कासारमामा सांगून राह्यले देवमाणूस हाये म्हणून, ते कायले खोटं बोलतीन?"

माझ्या बडबडीने काय केलं होतं ते तेव्हा कळलं. तिची पोर दाराशी वांग्याच्या देठाशी खेळत होती. बापाची पावलं ऐकली तशी ती देठ टाकून भिंतीला चिकटून उभी राहिली.

मेहकरला दवाखान्यात एक डॉक्टर होते, त्यांच्या घरी बांगड्या भरायला जायचो. नाव न घेता सगळं त्यांना सांगितलं आणि विचारलं, "साहेब, हे वेड आहे का? सासू म्हणते बाहेरचं आहे, अंगारे लावते."

डॉक्टर म्हणाले, "तो बाजारात कधी कोणावर हात टाकतो?"

"छे! बाजारात तर तो जास्तीची वांगी देतो."

"आईसमोर? मेव्हण्यासमोर?"

"नाही."

"म्हणजे हात कुठे उचलायचा आणि कुठे जोडायचा, हे त्याला नीट कळतं. हे वेड नव्हे." मग म्हणाले, "काही माणसांची मनाची घडणच वाकडी असते. जवळचं माणूस हे आपल्यासारखंच वेगळं माणूस आहे हे त्यांना पटतच नाही. आपलंच आहे, आपल्याच मुठीत राहिलं पाहिजे. ते जाईल या भीतीने आवळायचं, आवळून मोडायचं, मोडलं की रडायचं. ते रडणं खोटं नसतं, पण त्याने आवळणं थांबत नाही."

"म्हणजे बिचारा आजारीच की."

"सगळ्याच अशा माणसांचा हात उठत नाही, आणि हात उठणारे सगळे असे नसतात. मनाचं दुखणं असेल तर मी त्याला पाहीन, पाठवून द्या. पण मारणं हे दुखणं नाही, ते त्याचं करणं आहे. त्याचं औषध होईपर्यंत ती बाई तिथे कशाला पाहिजे?"

मी तडक डोणगावला गेलो. गणपत अडतीवर होता. त्याला बाजूला घेतलं, मनगटं सांगितली, वण सांगितले.

"पण तुमीच त म्हने देवमाणूस हाये!"

"मी चुकलो, गणपत."

मला वाटलं आता हा आभाळ फाडेल. एवढा मोठा माणूस धान्याच्या पोत्यावर बसला आणि स्वतःच्या तळहातांकडे पाहत राहिला. त्याला गप्प झालेलं मी तेव्हाच पाहिलं. शेवटी हळू म्हणाला, "म्याच तिले परत नेऊन सोडलं, मामा. येत्या पंधरवड्यात विमलचं लगीन हाये. म्या येतो."

लग्नाच्या आदल्या सकाळी मधुकररावांच्या अंगणात चुडा भरायला मला बोलावलं होतं. आमच्याकडे रीत अशी, की चुडा भरताना अंगणात कासाराशिवाय दुसरा पुरुष नको. खुद्द नवरदेवाचा बाप आला तरी त्याने फाटकाबाहेर उभं राहायचं. म्हणजे त्या दिवशी सुमित्राशेजारी मधुकरराव बसणार नव्हते. पंधरा दिवस मी याच सकाळची वाट पाहत होतो.

अंगणात भावकीतल्या वीसेक बायका. हळदीचा वास, हसणं, थट्टा. "मामा, नवरीले पहिले नोका भरू, तिचा हात लय मऊ हाये, आमच्या वेळेस कंटाळसान!" नवरीच्या आधी घरच्या सुनेचा मान. सुमित्रा समोर बसली, हात पुढे केला आणि नेहमीसारखी म्हणाली, "मामा, तेलच लावा."

मी हात उताणा केला. मग पेटीचं झाकण लावलं.

"या हातात मी बांगडी भरणार नाही."

सवाष्णीला बांगडी नाकारणारा कासार कोणी ऐकला नव्हता. सासू उठलीच. "काऊन? काय अभद्र बोलून राह्यले, मामा?"

"मावशी, हात पहा. ज्या जखमा मी आठ वेळा झाकल्या त्या नवव्यांदा झाकणार नाही. हात बरा झाला की मी स्वतः येऊन भरीन."

सासूने पाहिलं नाही. म्हणाली, "त्याच्यावर बाहेरचं हाये. तो करत नाई, थे करते."

"बाहेरचं असतं तर बाजारातही आलं असतं, मावशी. ते घरातच कसं येतं, आणि दार लावल्यावरच?"

शेजारच्या घरची एक म्हातारी पायरीवर बसली होती, ती म्हणाली, "आमाले भिंतीतून आयकू येत जाय. आमी म्हनो, दुसऱ्याच्या घरात कायले पडा." मग दुसरी म्हणाली, "हाव, मीबी आयकलं." बायका एकेक करून बोलायला लागल्या. सुमित्रा तशीच उताणा हात घेऊन बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडत होतं.

तेव्हा नवरी उठली. विमल, अठराची पोर, हळदीने पिवळी. सुमित्राशेजारी बसली आणि स्वतःचे दोन्ही हात पदरात घालून म्हणाली, "वहिनीच्या हातात चुडा नाई, त माह्याबी हातात नाई."

"काय वं बोलतं? चुड्याबिगर लगीन कसं लागीन?" आई ओरडली.

"मंग वहिनीचं काय थे आगूदर ठरवा."

आणि मग गंमत झाली. जिचा नंबर होता तिने हात मागे घेतला. तिच्या मागचीनेही घेतला. बघता बघता वीस बायका पदरात हात घालून बसल्या. पेटी भरलेली, अंगण भरलेलं, आणि एक हात समोर येईना. धंद्यातली इतकी वाईट सकाळ माझ्या वाट्याला कधी आली नव्हती, आणि मी मात्र गालातल्या गालात हसत होतो.

गडबड ऐकून मधुकरराव रीत मोडून आत आले. हात जोडलेले, डोळे भरलेले. "मामा, माय, मी चुकलो, पुन्हा नाई…"

"भाऊ, रडून नोको राहू," विमल म्हणाली. "तुहं रडणं या घरानं लय पाह्यलं."

फाटकाबाहेरून आवाज आला. पंधरा दिवस कोंडलेला आवाज.

"सुमे! पोरीचे कपडे बांध! घरी चाल!"

खरं सांगतो, माझ्या बंद पेटीतल्या बांगड्या वाजल्या. मधुकरराव एक पाऊल मागे सरकले. सुमित्राने मात्र पहिल्यांदा मान वर केली आणि ती हसली. "आलीच भाऊ. विमलचं लगीन लागू दे."

सगळ्यांसमोर ठरलं. दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या की सुमित्रा आणि पोर डोणगावला. मधुकररावांनी मेहकरच्या डॉक्टरांकडे जायचं. मग वीस हात एकदम पुढे आले आणि मी दुपारपर्यंत भरत होतो. नवरीच्या हातात चुडा गेला तेव्हा तिने पहिल्यांदा वहिनीच्या पायांवर डोकं ठेवलं.

मधुकरराव डॉक्टरांकडे दोनदा गेले. मला काही झालेलं नाही असं सांगून आले. डोणगावलाही तीनदा आले, साडी घेऊन, पाणावलेले डोळे घेऊन. गणपत तिन्ही वेळा कामावर होता, पण कौशल्येने दारातच बसवलं, "चाय घ्या आन चाला," म्हणाली. चहा गणपतच्या हातचा असता तर ते एकदाच आले असते.

दोन महिन्यांनी डोणगावच्या बाजारात माझ्या पेटीसमोर सुमित्रा येऊन बसली. गणपतने तिला घरामागचा तुकडा भाजीला दिला होता. हातांना माती, नखांत माती. मी सवयीने तेलाची शिशी काढली.

"तेल नोको मामा," ती म्हणाली. "खाराचं पाणी लावा."

मी चोळलं. मनगटाच्या आतूनही, नाडीवरूनही चोळलं. ती डोळे मिटून बसली होती. कुठेही आग झाली नाही.

पुढे बाजारात तिचं वांग्याचं दुकान माझ्या पेटीसमोरच लागायचं. मी ओरडायचो, "बाई, भरता का?" ती दोन्ही हात वर करून खळखळ वाजवायची, "साबूत हायेत मामा, पुढच्या सालाले या!" एवढं वाईट गिऱ्हाईक मला दुसरं मिळालं नाही आणि त्याचं मला कधी दुःख झालं नाही.

ती भिंतीला चिकटणारी पोर आता तिशीकडे झुकली आहे, मेहकरला दिली आहे. तिच्या लग्नात चुडा मीच भरला. माझी बोटं आता थरथरतात, पेटी मुलाने दुकानात मांडली आहे. पण संक्रांतीला मी एस.टी.ने मेहकरला जातो. पिशवीत एक डझन बांगड्या आणि खाराच्या पाण्याची बाटली, दुसरं काही नाही. रखमा म्हणते, "तेलाची शिशी राह्यली." मी म्हणतो, राहू दे.

गेल्या संक्रांतीला त्या पोरीचा नवरा दारातच म्हणाला, "या मामा, तपासणीवाले!" तिने मला पाट दिला आणि समोर बसली. बाया हात पुढे करतात तो पालथा करतात, ती दोन्ही हात उताणे करून बसली. "लावा मामा," ती म्हणाली, "खाराचंच लावा."